वायच मालवणी

"भायर जाव नको गो, ऊन लागात!"

आजी हे बोलली आणि लगेच गडबडली. तिने पदर सारखा केला, घसा खाकरला आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबांसमोर बोलावं तशी पुन्हा म्हणाली, "बाळ, बाहेर जाऊ नकोस. ऊन लागेल."

बाळ म्हणजे माझी साडेचार वर्षांची भाची. ती "ओके पणजी!" म्हणाली आणि सरळ बाहेर गेली.

स्थळ : मालवणजवळची आमची वाडी. वेळ : मे महिना, दुपारचे बारा. मी पडवीत लॅपटॉप उघडून नेटवर्कची एक काडी शोधत बसले होते. डेडलाइन डोक्यावर होती, एडिटरचे दोन मिस्ड कॉल येऊन गेले होते. पण आजीचं ते दुसरं वाक्य ऐकलं आणि टायपिंग थांबलं. ब्याऐंशी वर्षांची माझी आजी, जिने आयुष्यात कुणाला घाबरून शब्द फिरवला नाही, ती स्वतःच्या घरात, स्वतःच्या पडवीत, एवढ्याशा पोरीसमोर स्वतःची भाषा दुरुस्त करत होती.

मग दिवसभर मी कान देऊन ऐकलं. वहिनीशी बोलताना आजी थोडं मराठी, थोडं मालवणी. शेजारच्या काकूंशी फुल्ल मालवणी, चौथ्या गिअरमध्ये. कोंब्याशी, माजराशी, गोठ्यातल्या पाडीशी तर एकदम अस्सल. फक्त पणतीशी बोलताना ब्रेक. म्हणजे आमच्या घरातल्या माजराला मालवणी कळते आणि आमच्या पोरीला कळत नाही. असा सगळा सीन आहे!

रात्री विचारलं, "आजी, तू तिच्याशी असं पुस्तकी का बोलतेस?"

"तिका समाजणा नाय ना. आणि उद्या शाळेत तसा बोलला तर बाकीची पोरां हसतली."

हसतली. हा शब्द मला लागला. कारण ते हसणं मला चांगलं माहीत आहे.

मी तिसरीत होते. मुंबईतली मराठी शाळा, मराठीचाच तास. बाईंनी विचारलं, वही कुठाय? मी घाबरून उभी राहिले आणि घरी बाबांना सांगायचे तसंच सांगितलं, "बाई, मी इसारलंय." अख्खा वर्ग फुटला. बाईसुद्धा हसल्या आणि म्हणाल्या, "नीट बोल. हे असं गावंढळ इथे चालायचं नाही." पुढचे दोन महिने माझं नाव 'इसारलंय' होतं. डबा खाताना इसारलंय, लंगडी खेळताना इसारलंय.

त्या दिवशी घरी येऊन मी बाबांना सांगितलं, "माझ्याशी ते तसलं बोलू नका." बाबा "बरं" म्हणाले.

आणि बाबांनी ते खरंच पाळलं. वीस वर्षं! गावाहून फोन आला की ते गॅलरीत जाऊन तासभर गजाली मारतात. आत आले की माझ्याशी प्रमाण मराठी. मी तिसरीतल्या रागात टाकलेलं वाक्य त्यांनी कायद्यासारखं पाळलं, आणि मीही कधी तो कायदा मागे घेतला नाही. आज माझी अवस्था अशी की मालवणी शंभर टक्के कळते, पण बोलायला तोंड उघडलं की बाहेर पडतं ते शुद्ध मराठी. तुमच्यापैकी किती जणांचं हे असंच आहे? मालवणी नसेल तर अहिराणी असेल, वऱ्हाडी असेल, कोल्हापूरकडची असेल. ऑफिसच्या क्युबिकलमध्ये इंग्लिश, कॅन्टीनमध्ये हिंदी, घरी मराठी आणि आजीच्या गावी गेलं की नुसतं स्माइल.

गंमत म्हणजे मालवणीचं आपल्याला वावडं मुळीच नाही. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० साली रंगभूमीवर आलं, मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले, थेट लंडनलाही नेलं. पुण्या-मुंबईचे ज्यांचा मालवणशी काडीचा संबंध नाही असे प्रेक्षक हसून हसून लोटपोट झाले. २००७ साली मच्छिंद्र कांबळी गेले, तरी त्यांच्या लकबीत बोलणारा एखादा तरी नग प्रत्येक ऑफिसात असतो. टीव्हीवर २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' आली, २०१७ मध्ये 'गाव गाता गजाली' आली. 'येवा, कोकण आपलोच असा' हे तर टी-शर्टवरही छापून मिळतं.

म्हणजे स्टेजवर चालते, सीरियलमध्ये चालते, टी-शर्टवर चालते. फक्त घरातल्या पोराशी बोलायला चालत नाही. मालवणी ही ऐकून हसायची भाषा आहे, असं आपण ठरवूनच टाकलंय. 'माका पाणी दी' असं पोरगं साधेपणाने म्हणालं तरी आपण हसतो. पोरं हुशार असतात. आपण कशाला हसतो हे त्यांच्या चटकन लक्षात येतं, आणि मग ती ते बोलायचं सोडून देतात.

बरं, मालवणी म्हणजे नक्की काय, तर यावरही भांडण आहेच. आपल्याकडे बहुतेक लोक तिला मराठीची बोली म्हणतात. जनगणनेच्या तक्त्यांत मात्र ती कोकणीच्या खाली मोजली जाते. फॉर्म भरताना आम्ही स्वतः मातृभाषेच्या रकान्यात डोळे मिटून 'मराठी' लिहितो. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात देशभरात ७८० भाषांची नोंद झाली. तिला भाषा म्हणा की बोली म्हणा, माझा प्रश्न छोटा आहे. माझ्या भाचीला पणजीचं बोलणं कळणार की नाही?

आता तुम्ही म्हणाल, नाही कळलं तर काय बिघडलं? चार शब्द गेले म्हणून कुणाचं इन्क्रिमेंट थांबत नाही. माझ्या दादाचं म्हणणं हेच. तो आयटीत आहे, प्रॅक्टिकल माणूस. म्हणाला, "अगं, शाळेत इंग्लिश, घरी मराठी, बिल्डिंगमध्ये हिंदी. आधीच तिची भेळ झालीय. त्यात तुझी मालवणी कशाला? कन्फ्यूज होईल ती."

त्याला उत्तर द्यायला मी त्याला परड्यात घेऊन गेले. परडं म्हणजे घरामागची वाडी. एका माडाखाली उभं केलं आणि विचारलं, "हे वरचं काय?" म्हणाला, "नारळ. कच्चे असले तर शहाळं." मुंबईकराकडे दोनच शब्द! आजीला विचारा. शहाळं आणि नारळ यांच्या मधला तो अडसर. पाणी अजून गोड आहे, पण खोबरं धरायला लागलंय, असा. नुकतंच मोठं होऊ लागलेलं माडाचं झाड तो कवाथो. फुलोरा ती पोय. वाळून पडलेली झावळ ते चुडात. नारळ सोलला की सोडणां, फोडला की करटी, आणि सोडणातून निघतो तो काथो. यातली एकही वस्तू फेकायची नसते. चुडतांनी शाकारायचं, सोडणां-करटी चुलीत घालायच्या, काथ्याचे दोर वळायचे. म्हणजे शब्दांची ही यादी म्हणजे माडाचं आख्खं मॅन्युअल आहे. 'नारळ' एवढाच शब्द ज्याला येतो त्याला माड फक्त फोटोच्या बॅकग्राउंडला दिसतो.

आणि कन्फ्यूजनचं म्हणाल, तर तो फंडा कधीच मोडीत निघालाय. एकाच वेळी दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मुलं गोंधळत नाहीत आणि त्यांचं बोलणंही त्यामुळे लांबत नाही, हे अभ्यासकांनी वारंवार दाखवून दिलंय. एका वाक्यात दोन भाषांचे शब्द येतात ते गोंधळामुळे नाही, तर मूल हाताशी असेल तो शब्द वापरतं म्हणून. आपणही मीटिंगमध्ये दुसरं काय करतो? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातसुद्धा, शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत शिकवण्याचं माध्यम घरची भाषा, मातृभाषा किंवा स्थानिक भाषा असावं, असं लिहिलंय. धोरण कागदावर आहे. पण घरची भाषा घरातच बोलली गेली नाही तर शाळा काय डोंबल करणार?

तेवढ्यात भाची तिचं एबीसीडीचं पुस्तक घेऊन आली. "के फॉर कांगारू!"

आता या कांगारूचीही एक गजाल आहे. १७७० साली कॅप्टन कुकचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर दुरुस्तीला थांबलं होतं. तिथल्या गूगू यिमिधिर लोकांच्या भाषेतला हा शब्द, खरं तर कांगारूच्या एका विशिष्ट जातीचं नाव, त्यांनी टिपून घेतला आणि तो जगभर गेला. (कांगारू म्हणजे 'मला माहीत नाही', ही तुम्ही फॉरवर्डमध्ये वाचलेली गोष्ट खोटी आहे.) म्हणजे बघा, हजारो किलोमीटरवरच्या आदिवासी भाषेतला एक शब्द माझ्या भाचीला येतो. ती ज्या खळ्यात उभी राहून तो म्हणत होती, त्या 'खळा' शब्दाचा मात्र तिला पत्ता नाही.

त्याच ऑस्ट्रेलियात इंग्रज उतरले तेव्हा अडीचशेहून जास्त भाषा होत्या. आज लहान मुलं घरात पहिली भाषा म्हणून शिकतात अशा जेमतेम डझनभर उरल्यात. मिशनमध्ये आणि शाळांमध्ये त्या बोलायला बंदी होती. हजारो मुलं तर आईबापांपासून तोडून नेली गेली. आता तिथल्या बालवाड्यांमधून त्या त्या जागेच्या भाषेतले नमस्काराचे, प्राण्यांचे, अवयवांचे शब्द चिमुरड्यांना पुन्हा शिकवले जातात. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी १९८२ मध्येच 'कोहांगा रेओ' सुरू केले. शब्दशः अर्थ, भाषेचं घरटं. फंडा एकदम सोपा. आजी-आजोबांना बालवाडीत बसवायचं आणि त्यांनी पोरांशी दिवसभर फक्त माओरी बोलायचं. मधल्या पिढीला, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांना, भाषा धड येत नव्हती. म्हणून आजीचं बोट थेट नातवाच्या हातात दिलं. पाच वर्षांत, १९८७ मध्ये, माओरी तिथली अधिकृत भाषा झाली.

लांब कशाला, आपल्या गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा सुरू केली. कुणी सांगितलं म्हणून नाही, पोरांना शाळेतली भाषा कळत नव्हती म्हणून.

मालवणीची तुलना या सगळ्यांशी थेट करता येणार नाही, हे मलाही कळतं. तिथे बंदी होती, जबरदस्ती होती. आमच्यावर कुणीही बंदी घातली नाही. आम्ही ते काम घरबसल्या, प्रेमाने, पोराचं भलं व्हावं म्हणून स्वतःच केलं.

तर एवढं ज्ञान पाजळल्यावर अस्मादिकांनी कृती करायचं ठरवलं. टिपिकल ऑफिसछाप कृती! रंगीत कागदाची कार्डं कापली. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला शब्द. कुर्ली, कोंबो, व्हाळ, बोंडू, माड. रोज पाच शब्द, आठवड्याला पस्तीस, सुट्टी संपेपर्यंत शंभर. टार्गेट सेट!

पहिल्या दिवशी भाचीने पाचही शब्द म्हटले. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आत्तू, हे होमवर्क आहे. सुट्टीत होमवर्क नसतं." चौथ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. मी उत्साहाने म्हटलं, "म्हणून दाखव ना, खेकड्याला काय म्हणतात?" काकू हसल्या, कौतुकानेच. पण भाची वहिनीच्या मागे लपली. तिसरीतली मी मला तिथे दिसले. मी कार्डं गोळा केली आणि चुलीजवळच्या फळीवर ठेवून दिली. आजीने नंतर ती विस्तव पेटवायला वापरली. योग्य तेच केलं.

मग मी आजीला फक्त एकच गोष्ट सांगितली.

"तू माजराशी बोलतेस ना, तशी तिच्याशी बोल."

आजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पण दुसऱ्या दिवसापासून ब्रेक सुटले.

आजी मागच्या दारी सुंगटां सोलायला बसली की भाची शेजारी. "हयसर बस. काटो लागात हां, वायच सांबाळून." मधे भाषांतर नाही, समजावून सांगणं नाही. हातात कोळंबी आहे आणि आजी 'सुंगटां' म्हणतेय, यात न कळण्यासारखं काय आहे? 'भायर' म्हणताना आजी हात बाहेर करायची, 'भित्तर' म्हणताना आत. कोंबो परड्यात शिरला की दोघी मिळून ओरडायच्या. पाच-सहा दिवस भाची नुसती ऐकत होती. आणि एका संध्याकाळी आजी गूळ-खोबरं वाटत असताना हात पुढे करून म्हणाली,

"पणजी, माका पण!"

पस्तीस कार्डांतून जो शब्द आला नाही तो गुळाच्या खड्यासाठी आला. कारण 'माका' म्हटलं की काहीतरी मिळतं! त्यानंतर आला 'खंय'. पणजी खंय, माजर खंय, चप्पल खंय. आणि मग आला तिचा सगळ्यात लाडका शब्द, वायच. आजी सारखी म्हणायची, वायच थांब, वायच घे, वायच खा. वायच म्हणजे थोडंसं, जरासं. पोरीने त्यातली बार्गेनिंग पॉवर ओळखली. "पप्पा, वायच मोबाइल!" दादा बघतच राहिला. आणि त्याने दिला की हो मोबाइल.

एका सकाळी आम्ही किनाऱ्यावर रापण बघायला गेलो. होडीतून अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. दोराला हात लावणाऱ्याच्या वाट्याला थोडी मासळी येतेच. भाचीनेही हात लावला. म्हणजे लोंबकळली. जाळं वर आलं तेव्हा एका म्हाताऱ्या रापणकराने तिच्यासमोर एकेक मासा उचलून धरला. ह्यो बांगडो, हे पेडवे, ही तारली. तिच्यासाठी एरवी सगळे 'फिश' होते. घरी येईपर्यंत तिने पिशवीत चार वेळा डोकावून पेडवे मोजले. ज्याला नाव माहीत झालं ते तिला वेगळं दिसायला लागलं होतं.

आणि एक दिवस कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलो. इथे ठाकर आदिवासींची चित्रकथीची आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यात तिचं संग्रहालय उभं केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथीत एकेक चित्र पुढे करत गोष्ट सांगतात, साथीला वीणा, टाळ आणि हुडूक. इथली मुलं ही कला कुठल्या कार्डांवरून शिकली नाहीत. घरातल्या थोरांच्या पाठीशी बसून, ऐकत ऐकत शिकली. भाचीला 'हुडूक' हा शब्द इतका आवडला की परतीच्या वाटेवर रिक्षात तासभर हुडूक, हुडूक चालू होतं. मला माझी कार्डं आठवली आणि हसू आलं.

आता खरं सांगायचं तर मुंबईला आल्यावर निम्मं पाणी ओसरलं. जूनमध्ये शाळा सुरू झाली, स्कूलबस, पोएम्स, बर्थडे पार्ट्या. कुर्ली पुन्हा 'क्रॅब' झाली. व्हाळ तर दादरला दिसणार कुठे? दर रविवारी पणजीशी व्हिडिओ कॉल होतो. पण नुसतं 'काय करतंस?' विचारून गाडी पुढे सरकत नाही. म्हणून वहिनीने युक्ती काढली. वहिनी नाशिकची, तिला मालवणी ओ की ठो येत नाही, पण डोकं भारी. रविवारी तिकडे आजी भाजी निवडत बसते आणि इकडे भाची मटार सोलत बसते. हात चालू असले की तोंडही चालतं. तीन शब्द टिकलेत. माका, खंय आणि वायच. शंभरातले तीन. कॉर्पोरेट भाषेत सांगायचं तर टार्गेट साफ मिस.

आणि मग जुलैमध्ये जे व्हायचं तेच झालं. शाळेत खाऊ वाटताना भाची मोठ्याने म्हणाली, "माका नको." आणि पोरं हसली.

वहिनीचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये होते. पोटात गोळा आला. वाटलं, आजीचंच खरं होतं. आपल्या हौसेपायी आपण पोरीला पुन्हा त्याच बाकावर नेऊन उभं केलं. संध्याकाळी धावत दादाकडे गेले. भाची पझल लावत बसली होती.

"शाळेत हसले का गं?"

"हो. मग टीचरने सगळ्यांना विचारलं, तुमच्या घरी आजी 'मला' कसं म्हणते?"

आणि तिने बोटांवर मोजून दाखवलं. मला. मुझे. मने. एनक्कु. माका. पाच मुलांच्या पाच आज्या! मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ आणि आमची. पोरं आता 'एनक्कु'लाही हसत होती, पण ते आपापसात, आलटून पालटून. भाचीला त्यात काही लागलेलं नव्हतं. तिला उलट आणखी चार शब्द मिळाले होते.

त्या टीचरला या सगळ्याला किती वेळ लागला असेल? एक मिनिट? दोन? माझ्या बाईंकडेही तेवढी दोन मिनिटं नक्की होती. मी त्यांच्यावर वीस वर्षं राग धरून होते. आता वाटतं, तो शब्द त्यांनी माझ्याकडून काढून घेतला नाही. त्या फक्त हसल्या. काढून टाकला मी, घरी येऊन, बाबांच्या तोंडातून.

तर मुद्दा एवढाच, दोस्तहो. मुलांना मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी काहीही 'शिकवायला' जाऊ नका. अॅप शोधू नका, कार्डं कापू नका, पाहुण्यांसमोर 'म्हणून दाखव' तर अजिबात नको. फक्त घरात ज्यांना ती येते त्यांना दुरुस्त करणं थांबवा. आजी चुकून बोलली तर 'अगं, तिला कळत नाही' असं म्हणू नका. कळेल. दोघींच्या हातात काहीतरी काम द्या आणि तुम्ही बाजूला व्हा. आणि पोरगं एखादा शब्द बोललं तर हसू नका, टाळ्याही वाजवू नका. त्याने पाणी मागितलंय, पाणी द्या.

हे सगळं लिहून होईपर्यंत संध्याकाळचे सात वाजले होते. घरी निघण्याआधी बाबांना फोन करायचा होता. रोज मी विचारते, "बाबा, येताना काही आणू का?" आणि ते म्हणतात, "नको, सगळं आहे."

आज फोन लावला, दोन वेळा घसा खाकरला (आजीसारखाच) आणि म्हटलं, "बाबा, मी येतंय. काय घेवन येव?"

पलीकडे शांतता. मला वाटलं, रेंज गेली. व्याकरण चुकलं असेल, उच्चार तर नक्कीच चुकला असेल. लाज वाटून मी फोन ठेवणारच होते.

"बांगडे गावले तर हाड," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "वायच ताजे बघून घी हां."